विंडोज ११ : स्क्रीन रीडरवाल्याने कधी चढवायचं, कधी थांबायचं

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून नाशकात कॉलेज रोडच्या दुकानात लॅपटॉप न्या किंवा नाशिकरोडच्या, अगदी चार्जरची पिन हलते म्हणून न्या, ‘अकरा टाकून देऊ का?’ हा प्रश्न ठरलेला. डोळ्यांनी काम करणाऱ्याचं यात फार बिघडत नाही. बटणं इकडची तिकडे गेली तर दोन दिवस शोधाशोध होते, एवढंच. एनव्हीडीए किंवा जॉज या स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) काम करणाऱ्याचा साउंड ड्रायव्हर, म्हणजे आवाज चालवणारा विंडोजचा भाग, नीट बसला नाही, तर त्याच्यापुढे उरतो तो नुसता गरम होणारा डबा.

निकाल आधीच सांगून टाकतो. विंडोज ११ वापरायला चांगलं आहे. नव्या लॅपटॉपवर ते आलेलं असेल तर दहाकडे परत जाण्यात अर्थ नाही. पण चालू, बोलत्या मशीनवर ते चढवायचं असेल तर तारीख दुकानदाराने किंवा मायक्रोसॉफ्टच्या सूचनेने ठरवू नये. आवाज देणारी जी साखळी आहे (साउंड ड्रायव्हर, स्क्रीन रीडर, त्याला जोडलेली छोटी अ‍ॅड-ऑन्स, रोजची सॉफ्टवेअर), तिची प्रत्येक कडी तपासून झाली आणि मागे फिरायची वाट मोकळी असली, की तीच तारीख.

आधी मशीन पात्र आहे का ते बघा. विंडोज+आय दाबून सेटिंग्ज, त्यात सिस्टीम, सगळ्यात खाली अबाउट. प्रोसेसरच्या ओळीवर या. इंटेलचा असेल तर आय३, आय५, आय७ नंतर जो चार आकडी नंबर ऐकू येतो, त्याचा पहिला आकडा म्हणजे पिढी. ‘आय५-७३००यू’ म्हणजे सातवी, चालणार नाही. ‘आय५-८२५०यू’ म्हणजे आठवी, चालेल. पाच आकडी नंबर असेल, किंवा चार आकडी नंबर १ने सुरू होत असेल (‘आय५-११३५जी७’ म्हणजे अकरावी), तर पहिले दोन धरायचे. एएमडी रायझनमध्ये डेस्कटॉपवर साधारण २००० मालिकेपासून, लॅपटॉपवर ३०००पासून पुढे. सेकंडहँड लॅपटॉप घेणाऱ्यांनी ही ओळ पैसे देण्याआधी एनव्हीडीएकडून वाचून घ्यावी, कारण कंपन्यांमधून निघालेली मशीन्स वरून हाताला सारखीच लागतात. थिंकपॅड टी४७० आणि टी४८० यांत बोटांना जाणवेल असा फरक फारसा नाही, पण टी४७०मध्ये सहावी-सातवी पिढी आणि टी४८०मध्ये बहुतेक वेळा आठवी. एका आकड्याचा फरक, आणि एक मशीन अकरा घेतं, दुसरं घेत नाही.

दुसरी अट टीपीएम २.० या सुरक्षा-चिपची. विंडोज+आर दाबा, टीपीएम डॉट एमएससी टाइप करा, एंटर. खिडकीत स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० ऐकू आलं की झालं. टीपीएम सापडत नाही असं आलं, तर बऱ्याचदा तो मशीनमध्ये असतो, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारी मशीनची मूळ सेटिंग्ज) बंद केलेला असतो. इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने. बायोस बोलत नाही, तेव्हा इथे दिसणारा माणूस शेजारी हवाच. आणि त्याने बायोसला हात लावण्याआधी एक गोष्ट पक्की करा: बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू आहे का? चालू असताना बायोसमध्ये बदल केला की पुढच्या वेळी मशीन निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, आणि त्या पडद्यावर कुठलाच स्क्रीन रीडर बोलत नाही. म्हणून बिटलॉकर आधी सस्पेंड, म्हणजे तात्पुरता बंद, करायचा. ती ४८ आकडी की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली आहे का तेही बघायचं आणि फोनवर वेगळी टिपून ठेवायची. आपल्या मशीनवर बिटलॉकर नाही अशी खात्री बाळगणाऱ्यांनीही बघावं. हल्ली नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकरचंच साधं रूप, न विचारता सुरू होतं.

आता मुख्य प्रश्न, कधी. ‘अपडेट आलंय’ या एकाच वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात, आणि गोंधळ तिथेच होतो. एक, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारचं सुरक्षा अपडेट. आपल्याकडे ते मंगळवारी रात्री साडेदहा-साडेअकराला येतं. दोन, २४एच२वरून २५एच२वर (ही अकराच्या आवृत्त्यांची नावं, पहिला आकडा वर्षाचा) जाण्यासारखी छोटी उडी. या दोन्ही आवृत्त्यांचा पाया एकच आहे, ३० सप्टेंबर २०२५ला आलेल्या २५एच२ने बराचसा आधीच येऊन पडलेला भाग चालू केला, त्यामुळे एका रीस्टार्टमध्ये काम होतं. तीन, खरी मोठी उडी: दहावरून अकरा, किंवा २३एच२ आणि त्याआधीच्या अकरावरून २४एच२-२५एच२. हिच्यात संपूर्ण सिस्टीम नव्याने बसते आणि ड्रायव्हर बदलू शकतात. जपायचं ते हिला. सध्या कुठे आहात हे कळायला विंडोज+आर, विनव्हर, एंटर.

मोठ्या उडीत आवाजाचं काय होऊ शकतं याचं ठळक उदाहरण २४एच२चंच आहे. ही आवृत्ती १ ऑक्टोबर २०२४ला आली. डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने मान्य केलं की ‘डिरॅक’ हे ध्वनी-सुधारक सॉफ्टवेअर असलेल्या काही मशीन्सवर अपग्रेडनंतर आवाजच बंद होतो: आतले स्पीकर, ब्लूटूथ, सगळंच. अशा मशीन्सवर मग त्यांनी अपग्रेड रोखून धरलं. इथली मेख लक्षात घ्या. विंडोज अपडेटमध्ये ‘तुमच्यासाठी अजून तयार नाही’ असं येतं तेव्हा ती कटकट नसते, अनेकदा तो असाच एखादा रोध असतो. तो डावलून मायक्रोसॉफ्टच्या इन्स्टॉलेशन असिस्टंटने किंवा आयएसओ फाइलने (विंडोज बसवायची पूर्ण प्रत) जबरदस्तीने चढवणं म्हणजे मुद्दाम मुकं मशीन मागून घेणं. दुकानात हेच सर्रास होतं, कारण तिथे आयएसओ पेनड्राइव्हवर तयारच असते.

महिन्याच्या अपडेटचाही एक नमुना. १४ ऑक्टोबर २०२५च्या अपडेटने २४एच२ आणि २५एच२च्या रिकव्हरीच्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस बंद पाडले. सहा दिवसांनी, २० तारखेला, तातडीची दुरुस्ती आली. ज्याचं सगळं काम कीबोर्डवर चालतं, त्याच्या दृष्टीने सुटकेचं दारच तेवढे सहा दिवस कुलूपबंद होतं. तेव्हा साधा हिशेब असा: महिन्याचं अपडेट सात ते दहा दिवस पॉझ करून मग घ्यायचं, नवी मोठी आवृत्ती तीन-चार महिने जुनी झाल्याशिवाय घ्यायची नाही. महिनोन्‌महिने पॉझवर ठेवणं मात्र चूक. सुरक्षा अपडेट टाळणं हा उपाय नाही.

एनव्हीडीएचंही स्वतःचं पंचांग आहे. दर वर्षीची पहिली आवृत्ती, म्हणजे नावात ‘.१’ असलेली, आली की जुनी अ‍ॅड-ऑन्स अडतात. त्यांच्या निर्मात्यांनी नवी प्रत काढेपर्यंत ती बंद राहतात. त्यात २०२६.१ पासून एनव्हीडीए ६४ बिटचा झाला, त्यामुळे ३२ बिटसाठी बांधलेले जुने आवाज वापरणाऱ्यांनी जास्तच सावध राहावं. टूल्समधल्या अ‍ॅड-ऑन स्टोअरमध्ये प्रत्येक अ‍ॅड-ऑनची सुसंगतता वाचता येते. नियम एकच: एनव्हीडीए आणि विंडोज एकाच दिवशी बदलायचं नाही. आधी एनव्हीडीए ताजा करा, आठवडाभर वापरा, मग विंडोज. दोन्ही एकदम बदलले आणि काहीतरी बिघडलं, तर दोष कोणाचा हे शोधण्यातच रविवार जातो.

बाकी तारखा ज्याच्या त्याला ठाऊक. मुक्त विद्यापीठाचे गृहपाठ किंवा परीक्षा तोंडावर असताना नको, बँकेत काम असेल तर मार्चअखेर नको, आणि पावसाळ्यात वीज जायची-यायची चालू असताना डेस्कटॉपवर यूपीएसशिवाय अजिबात नको. लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटं टिकत असेल तर तोही डेस्कटॉपच समजा. महावितरणचा देखभालीचा वार टाळा. ऑफिसच्या मशीनवर आयटीवाल्यांचं राज्य असतं. तिथे आपण एवढंच मागायचं की आपलं मशीन पहिल्या तुकडीत न घेता शेवटच्या तुकडीत घ्यावं.

आता तयारी. एनव्हीडीएच्या मेनूतून टूल्स, क्रिएट पोर्टेबल कॉपी, आणि ती पेनड्राइव्हवर; सध्याची सेटिंग्ज सोबत घ्यायचा चेकबॉक्स टिक करायचा. शिवाय विंडोज+आरमध्ये टक्केवारीच्या दोन चिन्हांमध्ये अ‍ॅपडेटा लिहून एंटर केलं की जो फोल्डर उघडतो, त्यातला एनव्हीडीए नावाचा फोल्डर पूर्ण कॉपी करून ठेवा. अ‍ॅड-ऑन्स, प्रोफाइल, बदललेल्या की आणि शब्दांच्या उच्चारांचे कोश, सगळं त्यात असतं. मराठी नावांचे उच्चार सुधारत वर्षानुवर्षं जमवलेला कोश गेला तर तो पुन्हा कोणी करून देत नाही. पोर्टेबल कॉपीची एक मर्यादा ध्यानात असू द्या: परवानगी विचारणारा यूएसी पडदा ती वाचू शकत नाही. अशा वेळी मशीन अचानक गप्प झालं तर आल्ट+वाय म्हणजे ‘हो’. विकत घेतलेला आवाज किंवा जॉज असेल तर त्याचं लायसन्स, खातं, पासवर्ड हाताशी ठेवा.

सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी वस्तू म्हणजे यूएसबी साउंड कार्ड, अंगठ्याएवढं, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनची पिन. एमजी रोडला कुठल्याही अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात मिळतं. ते विंडोजच्या आतल्याच सर्वसाधारण ड्रायव्हरवर चालतं. लॅपटॉपच्या रिअलटेक चिपचा ड्रायव्हर कोलमडला तरी हे बहुधा बोलतं. विकत घेताना दुकानातच लावून बघा. ब्लूटूथ इअरफोनवर या कामात भरवसा ठेवू नका. सी ड्राइव्हवर निदान ३० जीबी मोकळी जागा करा. एचडीएमआयने जोडलेला मॉनिटर किंवा टीव्ही काढून ठेवा, नाहीतर अपग्रेडनंतर आवाज तिकडे वळतो आणि टीव्ही तर बंद असतो!

प्रत्यक्ष चढवणं सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधून करा. डाउनलोड होईपर्यंत मशीन नेहमीसारखं बोलतं. एनव्हीडीए+यू दाबत गेलात तर प्रगतीची खूण बीप, बोलणं, दोन्ही किंवा बंद अशी फिरते. बीपवर ठेवा, टक्के वाढतील तसा सूर चढत जातो आणि दुसरं काम करत कानावर ठेवता येतं. मग रीस्टार्ट. इथून पुढे अर्धा-पाऊण तास (एसएसडी नसेल तर दोन तासही) काहीही ऐकू येत नाही. मशीन दोन-तीनदा आपणहून बंद-चालू होतं. ही शांतता नेहमीचीच, पण पहिल्यांदा करणारा नेमका इथेच घाबरून पॉवर बटण दाबून धरतो आणि सिस्टीम अर्धवट बसते. फोनवर सीइंग एआय किंवा गूगलचं लुकआउट उघडून कॅमेरा पडद्यासमोर धरा. टक्केवारी वाचून मिळते. पडदा काळा वाटला तर कोन थोडा तिरका करा, चकाकीमुळे अक्षरं हरवतात.

दीड तास (एसएसडी नसेल तर दोन तास) झाला आणि अजून शांतता असेल तर क्रमाने जा. पासवर्ड किंवा पिन टाइप करून एंटर. अर्धा मिनिट थांबा. कंट्रोल+आल्ट+एन, एनव्हीडीए उठला तर प्रश्न मिटला. नाही उठला तर कंट्रोल+विंडोज+एंटर, म्हणजे नॅरेटर, विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर. नॅरेटर बोलला तर आवाज ठीक आहे, बिघाड एनव्हीडीएत आहे. पेनड्राइव्हवरची पोर्टेबल कॉपी चालवा. दोन्ही गप्प असतील तर बिघाड ध्वनीत: यूएसबी साउंड कार्ड खोचा, दहा सेकंद थांबा, पुन्हा कंट्रोल+आल्ट+एन. एनव्हीडीए सुरू झाला पण कर्कश, पत्र्यासारख्या आवाजात बोलू लागला तर दचकू नका. तो एनव्हीडीएच्या पोटातला ईस्पीक आहे. विंडोजचे हेमंत-कल्पना यांसारखे आवाज अपग्रेडनंतर चालू झाले नाहीत तर एनव्हीडीए याच्यावर येऊ शकतो. टाइम अँड लँग्वेज, स्पीच, अ‍ॅड व्हॉइसेस इथून ते पुन्हा उतरवता येतात. आवाजाचं आउटपुट भलतीकडे गेलं असेल तर कंट्रोल+विंडोज+व्ही दाबून यादीतून बदला.

चालू झाल्यावर पहिल्याच तासात मागची वाट रुंद करून ठेवा. अकरा आवडलं नाही तर दहावर परतायला दहाच दिवस मिळतात (सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी, गो बॅक). अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये डीआयएसएम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश सेट-हायफन-ओएसअनइन्स्टॉलविंडो, स्पेस, स्लॅश व्हॅल्यू, कोलन, ३० अशी आज्ञा दिली की दहाचे तीस दिवस होतात. साठपर्यंत नेता येतात. दहा दिवस उलटल्यावर ही आज्ञा उपयोगाची नाही. आणि जागा मोकळी करण्याच्या भरात विंडोज डॉट ओल्ड फोल्डर उडवला तर वाट संपली.

आता खुद्द विंडोज ११. हाताची सवय मोडणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या रोज भेटतात. फाइलवर मेनू-की दाबली की नवा, आखूड मेनू येतो आणि काही जुने पर्याय सापडत नाहीत, शिफ्ट+एफ१० दाबा, जुना पूर्ण मेनू येतो. विंडोज+ए आता वाय-फाय, आवाज वगैरे झटपट सेटिंग्ज उघडतं, आणि नोटिफिकेशन विंडोज+एनवर गेली आहेत. नोटपॅडमध्ये टॅब आलेत, आल्ट+एफ४ मारताना आणखी काही उघडं आहे का ते कंट्रोल+टॅबने बघा. वर्डपॅड २४एच२पासून गायब. नव्या लॅपटॉपांच्या कीबोर्डवर उजव्या कंट्रोल किंवा मेनू-कीच्या जागी को-पायलट या मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनीसाचं बटण बसवलंय, ही या पिढीची सर्वात चिडवणारी गोष्ट. मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या सॉफ्टवेअरमधून ती की बदलून घेता येते. उलट बाजूला, नॅरेटर आधीपेक्षा खूपच कामाचा झालाय. संकटकाळचा दुसरा आवाज म्हणून आता त्याच्यावर विसंबता येतं. मराठी इनस्क्रिप्ट आणि मराठी फोनेटिक दोन्ही कीबोर्ड पूर्वीसारखेच आहेत. अपग्रेडनंतर विंडोज+स्पेसने तपासा, कधी यादीत नको ते इंग्रजी कीबोर्ड शिरतात. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या जुन्या फाइली मात्र अकरावरही अगम्यच वाचल्या जाणार. तो दोष फॉन्टचा आहे, विंडोज बदलून जात नाही.

मशीन अपात्र असेल तर? घरगुती वापरासाठी विंडोज १०ची सुरक्षा-मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. मशीनवर दहाची २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्ट खातं हवं. सेटिंग्ज सिंक करायला तयार असाल तर पैसेही लागत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल’ची लिंक असते, एनव्हीडीएने ती नीट वाचली जाते. हातातलं बोलतं मशीन असं वापरत राहून त्या काळात आठव्या पिढीच्या पुढच्या लॅपटॉपसाठी पैसे बाजूला टाकणं हा शहाणा मार्ग. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या नोंदींत) खटपट करून किंवा रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने अटी उडवून अपात्र मशीनवर अकरा बसवता येतं, पण मायक्रोसॉफ्ट त्या मशीनच्या अपडेटची हमी देत नाही आणि पुढची प्रत्येक मोठी आवृत्ती पुन्हा हाताने चढवावी लागते. म्हणजे ती लांबलचक शांतता दर वर्षी, स्वतःहून ओढवून.

दुकानातून करून घ्यायचं असेल तर शब्द नेमके वापरा. ‘विंडोज टाका’ म्हटलं की नव्वद टक्के ठिकाणी ते फॉर्मेट मारणं समजतात. ‘दादा, फॉर्मेट नको. फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवून वरूनच चढवा, आणि झाल्यावर एनव्हीडीए बोलतोय का ते माझ्यासमोर ऐकवा,’ असं सांगायचं. खऱ्या लायसन्सच्या दहावर अकरा फुकट चढतं, तेव्हा लायसन्सचे वेगळे पैसे मागितले तर कशाचे ते विचारा. कुणी ‘हलकं, फास्ट विंडोज’ देऊ केलं तर साफ नाही म्हणा. तसल्या कातरलेल्या प्रतींमधून नॅरेटर आणि आवाजाचे भागच काढून टाकलेले असू शकतात. फॉर्मेट अटळच असेल, तर सेटअपच्या पडद्यावर कंट्रोल+विंडोज+एंटरने नॅरेटर सुरू करता येतो, पण तिथे साउंड ड्रायव्हर नसेल तर तो मुका राहतो. पुन्हा तेच अंगठ्याएवढं कार्ड. होम आवृत्तीच्या सेटअपला इंटरनेटही लागतं. वाय-फायचा ड्रायव्हर नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. काम झाल्यावर एनव्हीडीएच्या जनरल सेटिंग्जमध्ये जाऊन साइन-इनच्या वेळी एनव्हीडीए सुरू होण्याचा चेकबॉक्स टिक करा, आणि सुरक्षित पडद्यांवरही हीच सेटिंग्ज वापरा, हे बटण दाबा. दुकानातून निघण्याआधी मशीन एकदा पूर्ण बंद करून चालू करा. पासवर्डच्या पडद्यावर आवाज आला तरच पैसे द्या.